नो डिस्प्ले, नो जबाबदारी

‘नो डिस्प्ले’ हा कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या धंद्यातला सगळ्यात सोयीचा शब्द आहे. जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात तो लिहितात, आणि दोन दिवसांनी निदानाच्या रकान्यातही बऱ्याचदा तोच दिसतो. ताप आलाय म्हणून डॉक्टरकडे जावं, त्यांनी पाचशे रुपये घ्यावेत आणि गंभीर चेहऱ्याने सांगावं, ‘तुम्हाला ताप आहे.’ तसंच हे.

ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पैसे साठवून तुम्ही डेस्कटॉपसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणता. गेमसाठी, एडिटिंगसाठी, ब्लेंडरसाठी, किंवा घरच्या घरी एखादं एआय मॉडेल चालवून बघायचं म्हणून. कॅबिनेट उघडता, कार्ड स्लॉटमध्ये बसवता, बटण दाबता. पंखे फिरतात. कार्डावरची लाइट लागते. मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि झोपी जातो. एरर नाही, नंबर नाही, एक अक्षर नाही. मग घरात, दुकानात, मित्रांच्या ग्रुपवर सगळीकडे एकच प्रश्न येतो: ‘तू नेमकं काय केलंस?’

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. मशीन कुठे अडलंय हे बहुतेक वेळा मशीनला माहीत असतं. ते सांगायची सोयही होती. या उद्योगाने ती स्वस्त मालातून काढून टाकली, महाग मालात ‘फीचर’ म्हणून विकायला ठेवली, आणि अंधारात राहिलेल्या ग्राहकाच्या गळ्यात दोष बांधला.

मशीन बोलतं, पण कुणाशी?

कॉम्प्युटर चालू झाला की विंडोज येण्याआधी एक हजेरी होते. मदरबोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम, ज्याला आपण सवयीने बायॉस म्हणतो, एकेकाला हाक मारतो. प्रोसेसर? रॅम? ग्राफिक्स कार्ड? डिस्क? जो ‘हजर’ म्हणत नाही त्याच्यापाशी गाडी थांबते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतही ही हजेरी होती. आणि पडद्यावर काही दाखवताच येत नसेल तर काय करायचं, याचाही विचार त्या मंडळींनी केला होता. एक लांब आणि दोन छोटे बीप वाजले की समजायचं, घोळ डिस्प्लेचा आहे. त्यासाठी खर्च किती? एक छोटा स्पीकर.

आज काय आहे? हजेरीच्या प्रत्येक टप्प्यावर बायॉस एक दोन अंकी कोड ‘पोर्ट ८०’ नावाच्या पत्त्यावर लिहीत जातो. ही पद्धत सुमारे ४० वर्षं चालत आलेली आहे. महागड्या बोर्डावर हा कोड दाखवणारा इवलासा दोन अंकी डिस्प्ले असतो. मधल्या किमतीच्या बोर्डावर चार बारीक लाइटी असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जी पेटून राहिली तिथे अडलंय असं समजायचं. आणि विद्यार्थी, छोटे धंदेवाले जे बोर्ड घेतात त्यातल्या कित्येकांवर यातलं काहीच नसतं. स्पीकर लावायला पिना दिलेल्या असतात, पण बहुतेक कॅबिनेटसोबत स्पीकर येत नाही. म्हणजे मशीन आतल्या आत बोलतंय. आपल्याला ऐकू येईल ती खिडकी तेवढी बुजवून टाकलीय.

मी बॅकएंडचा सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला तर आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘लॉग काय म्हणतोय?’ एरर गिळून गप्प बसणारा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये त्याचे धिंडवडे निघतात. ‘काहीतरी बिघडलं’ एवढाच मेसेज दाखवला तरी आम्हाला टेस्टिंगवाले सोडत नाहीत. इथे तर तेवढाही मेसेज नाही, आणि तरी लोक पंचवीस-तीस हजार मोजून वर स्वतःलाच शिव्या घालतात.

वेड आणि लग्न

एक जुनी पळवाट होती. प्रोसेसरमध्येच छोटं ग्राफिक्स असायचं, ज्याला दुकानदार ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. कार्डाने दगा दिला तर कार्ड काढायचं, केबल बोर्डाला लावायची आणि निदान कुठे अडलंय ते तरी बघायचं. इंटेलने २०१९च्या सुरुवातीला डेस्कटॉपसाठी ‘एफ’ अक्षराचे प्रोसेसर आणले. त्यात हे ग्राफिक्स बंद केलेलं असतं. थोडे स्वस्त पडतात म्हणून बजेट पीसीमध्ये ते सर्रास बसवले जातात. एएमडीच्या रायझनमध्येही पहिली काही वर्षं ‘जी’ अक्षराचे मॉडेल सोडले तर ग्राफिक्स नव्हतंच. पुढे २०२२च्या रायझन ७००० मालिकेत एएमडीने जवळपास सगळ्या प्रोसेसरांत अगदी छोटं ग्राफिक्स घातलं. गेम खेळण्याच्या ते कामाचं नाही. पण पडदा उजळायला पुरतं. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

आता याला दुसरी गोष्ट जोडा. जून २०१८मध्ये एनव्हिडियाने आपल्या तोपर्यंत विकलेल्या बऱ्याच कार्डांसाठी एक फर्मवेअर अपडेट आणलं. कारण कंपनीनेच सांगितलं होतं: डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४चा मॉनिटर जोडला असेल तर विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहू शकतो, किंवा मशीन तिथेच अडकू शकतं. २०२३मध्ये आरटीएक्स ४०६० टीआयसाठी तसंच टूल आलं, आणि २०२५मध्ये ५०६० मालिकेसाठी पुन्हा आलं. कारण तेच, काही मदरबोर्डांवर काळा पडदा.

कंपनी अपडेट देते हे चांगलंच आहे. पण हे टूल चालतं विंडोजमध्ये. काळ्या पडद्याचं औषध घ्यायला आधी पडदा दिसायला हवा. २०१८च्या सूचनांमध्ये यावर उपाय दिले होते: दुसरा मॉनिटर लावून बघा, एचडीएमआय किंवा डीव्हीआय वापरून बघा, बूट मोड बदला, किंवा ऑनबोर्ड ग्राफिक्सवर चालू करा. आपल्याकडे म्हणतात ना, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. ज्याच्याकडे एकच मॉनिटर आणि ‘एफ’ प्रोसेसर आहे त्याची गत हीच.

आणि ज्यांच्याकडे हे घडलं त्यातल्या किती जणांना कळलं असेल की आपलं काहीच चुकलेलं नाही, फर्मवेअर अर्धवट होतं? दुकानात काउंटरवर त्यांना काय ऐकायला मिळालं असेल याचा अंदाज मला आहे, कारण मी ते जवळून पाहिलंय.

तीन दुकानं, तीन निदानं

माझा मावसभाऊ सोलापूरला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. २०१६ सालचा असेंबल्ड पीसी, त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स. सीझनच्या आधी त्याने २७ हजारांचं कार्ड घेतलं. बसवलं, आणि मला फोन आला: “दादा, पंखे फिरतायत, लाइट लागतेय, पण डिस्प्ले नाही.” मी तेव्हा परदेशात होतो, आठवडाभर हाती लागलो नाही. तेवढ्यात तो तीन दुकानं फिरला.

कार्ड विकणारा म्हणाला, “आमच्याकडे चालतंय, तुमचं मशीन बघा.” दुसऱ्याने रॅम काढून खोडरबरने घासली, परत लावली आणि “बोर्ड गेला” असं जाहीर केलं. तिसऱ्याने एसएमपीएस कमी पडतोय म्हणून साडेचार हजारांचा नवा गळ्यात मारला. त्यानेही काही झालं नाही. घरी काकांचं सुरू होतं, “चांगलं चालतं मशीन बिघडवून ठेवलं पोराने.” दोन लग्नांचं काम त्याने रात्री मित्राच्या स्टुडिओत बसून उरकलं.

व्हिडिओ कॉलवर मी त्याला सांगितलं, “कार्ड काढ, केबल बोर्डाला लाव, चालू कर.” मशीन चालू झालं. ‘बोर्ड गेला’ हे निदान दहा मिनिटांत निकालात निघालं. मग साधी बेरीज केली. कार्ड १७० वॉटचं. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या केबलमधून १५०. झाले २२५. जुना एसएमपीएस ५५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा. पॉवरची अडचण नव्हतीच. उरला बायॉस. तो बोर्ड विकत घेतला त्या दिवसापासून बदललेला नव्हता. कंपनीच्या साइटवर नवी आवृत्ती तीन वर्षं पडून होती. ती पेनड्राइव्हवर घेतली, लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टरवर मशीन लावून टाकली, कार्ड परत बसवलं. चार-पाच सेकंदांत लोगो आला.

त्या अपडेटच्या पानावर काय बदल केलेत याची एक ओळ होती. मराठीत सांगायचं तर: सुसंगतता सुधारली. बस. कशाशी सुसंगतता, कोणती कार्डं, काय व्हायचं, काही नाही. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला कळलं होतं, त्याने दुरुस्तही केलं होतं, फक्त ज्याला गरज होती त्याला समजेल असं लिहायचं टाळलं.

त्या तीन दुकानदारांवर माझा तेवढा राग नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मी असे कारागीर पाहिलेत जे भिंग लावून नखाएवढी चिप उतरवतात आणि परत बसवतात. त्यांना बोर्डाचे आराखडे कंपनीकडून मिळत नाहीत. शोधायला गेलेल्या दोन तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, बदललेल्या पार्टचे देतं. मग तो पार्ट बदलतो. या व्यवस्थेत अंदाज करणं हाच धंदा होतो, आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर फाटतं.

आधी बोट दाखवायचं, मग गुपचूप बदलायचं

‘वापरणाऱ्याची चूक’ हे उत्तर किती सहज येतं याचं जगजाहीर उदाहरण बघा. ऑक्टोबर २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० आलं. त्याला ६०० वॉटपर्यंत वीज वाहणारा १६ पिनांचा नवा कनेक्टर होता. काही आठवड्यांत वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरातून सुमारे ५० तक्रारी आल्यात, आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्यात सामाईक दिसतंय.

असेलही. पण प्लग अर्धवट बसलेला असताना कार्डाने पूर्ण वीज ओढावी हे कुणी ठरवलं? २०२३मध्ये त्या कनेक्टरची सुधारित आवृत्ती आली. त्यात जोडणी ओळखणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग नीट आत गेला नाही तर कार्डाला ते कळावं आणि त्याने पूर्ण वीज ओढू नये. काही मिलिमीटरचा खेळ. माणसाचे हात तेच राहिले, बदलला तो नकाशा. दोष फक्त वापरणाऱ्याचा असता तर नकाशा बदलायची गरज काय होती?

यावर उत्तर येतं ते मला पाठ आहे. ‘पीसीमध्ये लाखो जोड्या शक्य आहेत, कंपनी सगळं कसं तपासणार?’ मान्य. सगळं तपासा असं मी म्हणतच नाही. अडलं तर कुठे अडलं एवढं सांगा. कोड तयार होतोच आहे, तो दाखवा.

दुसरं उत्तर ग्रुपवरच्या जाणकारांचं. ‘येत नसेल तर पीसीला हात लावू नये.’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हे सगळे कुणाच्या तरी मागे बसून शिकले, आणि आता दाराला कडी लावून बसलेत. कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मी ८०८६ वर असेंब्लीत बेरजा केल्या, जर्नल भरलं, व्हायवा दिली. पण बंद पडलेलं मशीन समोर ठेवून ‘काय झालंय ते शोधा’ असं एकाही लॅबमध्ये कुणी म्हटलं नाही. पदवी देणारे जे शिकवत नाहीत, ते सोलापुरातल्या व्हिडिओ एडिटरला जन्मतः यावं ही अपेक्षा कशी?

तिसरं उत्तर: ‘आता सगळं मोबाइलवर होतं, पीसी कोण बांधतं?’ तुम्ही हे मोबाइलवरच वाचताय, म्हणून सांगतो. मोबाइलची स्क्रीन गेली की तुम्हाला आत डोकवायलाही मिळत नाही. डेस्कटॉप हे सामान्य माणसाला उघडता येणारं शेवटचं मशीन उरलंय. तेही मुकं झालं तर उघडता येऊन उपयोग काय?

तोवर आपण काय करायचं

नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल कागदावर. कार्डही बदललं, केबलही बदलली, ड्रायव्हरही टाकला, तर चाललं तरी कशाने चाललं ते कळत नाही.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. मॉनिटरची केबल नव्या कार्डाला लावलीय की बोर्डाला? मॉनिटरवर इनपुट कोणता निवडलाय? मग मागे जा. नवं कार्ड काढून मशीन आधी जसं चालत होतं तसं करून बघा. चाललं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर निर्दोष सुटले. पुढे कुणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं तर त्याला हे सांगा. नाही चाललं तर बसवताना ज्या वस्तूंना धक्का लागला असेल त्या बघा: रॅम, पॉवरच्या केबली.

मग विजेची बेरीज करा: स्लॉट ७५, सहा पिनी ७५, आठ पिनी १५०. मग बायॉसची तारीख बघा, आणि कार्ड त्याच्यापेक्षा खूप नवं असेल तर अपडेट करा. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का ते बघून रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर विंडोज ती मागेल आणि डेटा अडकेल. सुरुवातीचा लोगो दिसतोय आणि विंडोज येताना पडदा काळा होतोय, तर कार्ड जिवंत आहे, संशय ड्रायव्हरवर घ्या. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि नवा टाका. एवढं करूनही काही नाही, तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही चाललं नाही, तरच म्हणायचं की कार्ड गेलं.

पण हे सगळं करायला लागणारी चिकाटी ही ग्राहकाची जबाबदारी आहे असं मानून गप्प बसू नका. भारत सरकारने २०२२मध्ये राइट टु रिपेअरसाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. चर्चा होते ती सुटे भाग आणि मॅन्युअलची. माझी मागणी त्याच्याही आधीची आहे, निदानाची. सगळ्यात स्वस्त बोर्डावरही त्या चार लाइटी हव्यात. कार्डाच्या खोक्यावर वॉटसोबत हेही छापलेलं हवं की कोणत्या काळातल्या बोर्डांना बायॉस अपडेट लागेल. अपडेटच्या पानावर ‘सुसंगतता सुधारली’ऐवजी काय बिघडत होतं ते लिहिलेलं हवं. आणि सर्व्हिस सेंटरने परत दिलेल्या प्रत्येक जॉबशीटवर काय तपासलं, कशावर तपासलं, काय आढळलं, याच्या तीन ओळी हव्यात.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तिथे कागद लागतो, आणि ‘नो डिस्प्ले’ एवढंच लिहिलेला कागद कामाचा नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी काउंटरवरून विचारलं, ‘तुम्ही काय केलंत?’, तर उत्तर द्या, ‘कार्ड बसवलं, ज्यासाठी ते विकलंत.’ मग विचारा, ‘तुम्ही काय तपासलंत?’ आणि जे सांगतील ते बिल देण्याआधी जॉबशीटवर लिहून, सही-शिक्क्यासह मागा.